कोअर किती, यापेक्षा कोअर कोणते? संगणक घेण्याआधी पालक-शिक्षकांनी समजून घ्यावं असं काही



जून महिना जवळ आला किंवा दिवाळीचा बोनस हातात पडला, की माजिवड्यातल्या आमच्या शाळेच्या फाटकापाशी एक प्रश्न हमखास येतो. "बाई, पोराला लॅपटॉप घ्यायचाय, कुठला घेऊ?" विचारणाऱ्यांत नाक्यावर रिक्षा चालवणारे बाबा असतात, भिवंडीच्या गोदामात कामाला जाणारे असतात, घोडबंदर रोडवरच्या टॉवरमध्ये घरकाम करणाऱ्या आया असतात, आणि ऑफिसात संगणकावरच दिवस घालवणारेही असतात. पण दुकानात जाऊन आल्यावर सगळे एकच भाषा बोलतात. "ड्युअल कोअर नको म्हणाले, क्वाड कोअर घ्या." "मोबाईल ऑक्टा-कोअर आहे, म्हणजे आठपट फास्ट ना?" "आय-सेव्हन आहे, आय-थ्रीपेक्षा दुप्पट भारी."

मी डी.एड. झालेली प्राथमिक शिक्षिका आहे, संगणक अभियंता नाही. तरीही यावर लिहावंसं वाटलं. माझं मत सुरुवातीलाच सांगते. कोअरचा नुसता आकडा पाहून संगणक घेणं म्हणजे पानांची संख्या पाहून पुस्तक घेण्यासारखं आहे. त्या आकड्यामागे काय दडलंय ते समजायला फार मोठं शिक्षण लागत नाही. आपण शिक्षकांनी ते समजून घेतलं पाहिजे, कारण पालक दुकानदाराच्या खालोखाल आपल्यालाच विचारतात, आणि बऱ्याच घरांत तो पैसा भिशीचा किंवा हप्त्याचा असतो.

कोअर म्हणजे नेमकं काय?

संगणकात हिशेब करणारी जी चिप असते तिला आपण प्रोसेसर म्हणतो. त्या चिपमध्ये प्रत्यक्ष आकडेमोड करणारा जो भाग असतो तो कोअर. पूर्वी एका चिपमध्ये एकच कोअर असायचा. आता दोन, चार, सहा, आठ किंवा त्याहूनही जास्त असतात. म्हणजे प्रोसेसर ही स्टाफरूम समजा, आणि कोअर म्हणजे तिथे बसून पेपर तपासणारे शिक्षक.

आता परीक्षेनंतरचं चित्र डोळ्यांसमोर आणा. साठ उत्तरपत्रिका आहेत. एकच शिक्षिका असेल तर साठही तिलाच तपासायच्या. दोघी असतील तर प्रत्येकीला तीस. चौघी असतील तर पंधरा-पंधरा. दोन कोअर म्हणजे ड्युअल कोअर, चार म्हणजे क्वाड कोअर, सहा म्हणजे हेक्सा कोअर आणि आठ म्हणजे ऑक्टा-कोअर. इथपर्यंत सगळं सरळ आहे, आणि दुकानातली माहितीही साधारण इथेच संपते.

पण आपल्याला ठाऊक आहे की पेपर तपासून व्हायला किती वेळ लागेल हे फक्त शिक्षकांच्या संख्येवर ठरत नाही. प्रत्येकीचा तपासण्याचा वेग किती? कोणाला अनुभव जास्त आहे? उत्तरसूची एकच असून ती सगळ्यांमध्ये फिरतेय का? गुण चढवायचं रजिस्टर एकच आहे का? आणि मुळात काम वाटून घेता येण्यासारखं आहे का? प्रोसेसरला अगदी हेच प्रश्न लागू होतात.

कोअर वाढवायची वेळ का आली?

सुरुवातीला कंपन्यांनी शिक्षक वाढवले नाहीत, एकाच शिक्षिकेचा वेग वाढवत नेला. हा वेग गिगाहर्ट्झमध्ये सांगतात. ३ गिगाहर्ट्झ म्हणजे त्या कोअरच्या घड्याळाचे सेकंदाला ३०० कोटी ठोके. इंटेलचा पेंटियम ४ हा प्रोसेसर २००० साली आला तेव्हा त्याचा वेग १.५ गिगाहर्ट्झच्या आसपास होता. २००४ पर्यंत तो ३.८ पर्यंत पोहोचला. मग ४ गिगाहर्ट्झचा प्रोसेसर येणार असं जाहीर झालं होतं, तो त्याच वर्षी रद्द केला गेला.

अडचण होती उष्णतेची. ठोक्यांचा वेग वाढवायचा तर विजेचा दाबही वाढवावा लागतो, आणि मग चिप इतकी तापते की पंखा लावूनही आवरत नाही. माणसालासुद्धा एका मर्यादेपलीकडे "अजून भराभर तपासा" असं म्हणून उपयोग नसतो. तेव्हा कंपन्यांनी दुसरा मार्ग धरला, वेग तेवढाच ठेवून शिक्षक दोन करायचे. आयबीएमने २००१ सालीच पॉवर ४ या मोठ्या यंत्रांच्या प्रोसेसरमध्ये एका चिपवर दोन कोअर बसवले होते. २००५ मध्ये इंटेल आणि एएमडी या दोन्ही कंपन्यांचे दोन कोअरवाले प्रोसेसर घरगुती संगणकांत आले. २००६ चा कोअर टू ड्युओ तर आपल्यातल्या अनेकांना आठवत असेल, सायबर कॅफेत आणि संगणक क्लासमध्ये त्याचं स्टिकर दिसायचं.

म्हणजे "कोअर जास्त" ही चैन म्हणून सुरू झालेली गोष्ट नाही. एकाचा वेग वाढवणं अशक्य झालं म्हणून काम वाटून घ्यावं लागलं, हे तिचं मूळ आहे.

पुण्याने हे आधीच करून दाखवलं होतं

काम वाटून घ्यायची ही कल्पना आपल्या महाराष्ट्रात त्याच्याही खूप आधी वापरली गेली आहे, आणि मुलांना ही गोष्ट जरूर सांगावी. १९८० च्या दशकात भारताला हवामानाच्या अंदाजासाठी आणि संशोधनासाठी महासंगणक हवा होता. अमेरिकेने सर्वांत ताकदवान यंत्रं द्यायला आडकाठी केली. तेव्हा १९८८ साली पुण्यात प्रगत संगणन विकास केंद्र, म्हणजे सी-डॅक, सुरू झालं. त्याची धुरा होती डॉ. विजय भटकर यांच्याकडे. हे मूळचे अकोला जिल्ह्यातल्या मुरंबा गावचे.

तेव्हा परदेशी महासंगणकांत थोडेच पण अतिशय महागडे आणि वेगवान प्रोसेसर असत. तसे बनवणं आपल्याला शक्य नव्हतं. म्हणून सी-डॅकने बाजारात मिळणारे छोटे प्रोसेसर घेतले, ट्रान्सप्युटर नावाचे, ब्रिटनच्या इनमॉस कंपनीचे. असे अनेक प्रोसेसर एकमेकांना जोडून सगळ्यांकडून एकच काम वाटून करून घेतलं. १९९१ मध्ये परम ८००० तयार झाला. 'परम' हे नाव पॅरलल मशीन या इंग्रजी शब्दांवरून बनवलेलं आहे, आणि आपल्या भाषेतला 'सर्वश्रेष्ठ' हा अर्थही त्यात आहेच.

एका चिपवर अनेक कोअर आणि एका यंत्रात अनेक प्रोसेसर यांची रचना वेगळी आहे, पण तत्त्व एकच. आज पुण्याच्या पाषाण भागातल्या भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेत त्याच तत्त्वावर चालणारे महासंगणक आहेत. २०१८ मध्ये तिथे 'प्रत्यूष' आला, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये 'अर्का'. अर्काची क्षमता ११.७७ पेटाफ्लॉप्स आहे. एक पेटाफ्लॉप म्हणजे सेकंदाला एकावर पंधरा शून्य इतकी गणितं. हवामानाचा नकाशा छोट्या चौकोनांत विभागतात आणि वेगवेगळे चौकोन वेगवेगळ्या कोअरकडे सोपवतात. मे २०२५ पासून या यंत्रावर देशाचा अंदाज ६ किलोमीटरच्या चौकोनांत काढता येऊ लागला, आधी हे चौकोन १२ किलोमीटरचे होते. ठाण्यात कोसळतोय आणि कल्याणला ऊन पडलंय असं आपण पावसाळ्यात अनुभवतो, त्यामुळे चौकोन लहान होण्याचं महत्त्व आपल्याला वेगळं सांगायला नको.

पण एक लक्षात घ्या. हवामानाचं काम चौकोनांत वाटता येतं म्हणूनच तिथे हजारो कोअर उपयोगी पडतात. तुमच्या आमच्या घरातलं प्रत्येक काम तसं असतंच असं नाही.

चकलीचं गणित

दिवाळीच्या फराळाचं उदाहरण घेऊ. भाजणी दळून आली नाही तोवर चकलीला हात लावता येत नाही. पीठ मळून झाल्याशिवाय सोऱ्या भरता येत नाही. घरात आठ बायका जमल्या म्हणून भाजणी आठपट लवकर दळून येत नाही, गिरणीतली रांग तेवढीच असते. नंतर मात्र एक चकल्या पाडेल, एक तळेल, एक लाडू वळेल, एक करंज्या भरेल. म्हणजे कामाचा काही भाग वाटता येतो आणि काही भाग एकामागून एकच करावा लागतो.

जीन अॅमडाल या संगणकतज्ज्ञाने १९६७ मध्ये नेमकी हीच गोष्ट गणितात मांडली. त्याला अॅमडालचा नियम म्हणतात. पाचवीच्या मुलालाही समजेल असं करून बघू. समजा एक काम एकट्याला १०० मिनिटं लागतं. त्यातली २० मिनिटं वाटून घेता येत नाहीत, ८० मिनिटं येतात.

- दोघे असतील तर : २० + ४० = ६० मिनिटं
- चौघे असतील तर : २० + २० = ४० मिनिटं
- आठ जण असतील तर : २० + १० = ३० मिनिटं
- ऐंशी जण असतील तर : २० + १ = २१ मिनिटं

चौघांनी काम अडीचपट लवकर झालं, चौपट नाही. आठ जणांनी साधारण सव्वातीनपट, आठपट नाही. आणि कितीही माणसं आणली तरी २० मिनिटांच्या खाली वेळ कधीच जाणार नाही. "ऑक्टा-कोअर म्हणजे आठपट फास्ट" हे वाक्य चूक का, त्याचं उत्तर या चार ओळींत आहे.

कोअर-कोअरमध्ये फरक असतो, तो असा

१. कोअर आणि थ्रेड. पेपर तपासताना एका उत्तरपत्रिकेची पुरवणी सापडत नसेल, तर शिक्षिका हातावर हात ठेवून बसत नाही, तोवर दुसऱ्या गठ्ठ्यातला पेपर ओढते. एकाच कोअरला असे दोन गठ्ठे दिले की त्यांना दोन थ्रेड म्हणतात. इंटेलने २००२ मध्ये ही सोय पेंटियम ४ मध्ये आणली. म्हणून बऱ्याच ठिकाणी "४ कोअर ८ थ्रेड" असं लिहिलेलं दिसतं. याने काम थोडं लवकर होतं, दुप्पट होत नाही. शिक्षिका एकच आहे, गठ्ठे दोन. दुकानात कोणी आठ थ्रेडला आठ कोअर म्हणून सांगत असेल तर तिथेच थांबवा.

२. मोठे कोअर आणि छोटे कोअर. मोबाईलमध्ये सगळे कोअर सारखे असावेत असं नसतं. जड कामाला ताकदवान कोअर आणि किरकोळ कामाला बॅटरी वाचवणारे छोटे कोअर अशी वाटणी असते. एआरएम कंपनीने २०११ मध्ये ही रचना जाहीर केली. आता मीडियाटेकच्या दोन चिप बघा. हेलिओ पी ३५ मध्ये आठही कोअर छोट्या जातीचे आहेत. हेलिओ जी ८५ मध्ये दोन मोठे आणि सहा छोटे आहेत. दोन्ही फोनच्या खोक्यांवर शब्द एकच, ऑक्टा-कोअर. आणि २०१५ चा आयफोन ६ एस फक्त दोन कोअरचा होता, तरी त्याच काळातले छोट्या जातीच्या आठ कोअरचे फोन रोजच्या वापरात त्याच्या मागे पडायचे.

लॅपटॉपमध्येही इंटेलने २०२२ पासून, म्हणजे बाराव्या पिढीपासून, ही मोठे-छोटे कोअर पद्धत आणली. उदाहरणार्थ आय-५ १२३५ यू या प्रोसेसरमध्ये दहा कोअर आहेत, पण त्यातले मोठे दोनच, उरलेले आठ छोटे. हा काही वाईट प्रोसेसर नाही, चांगला आहे. फक्त "दहा कोअर" ऐकून दहा मोठे कोअर समजू नये.

३. पिढी. आय-३, आय-५, आय-७ या नावांतला ३, ५, ७ म्हणजे कोअरची संख्या नव्हे. ती फक्त श्रेणी आहे, तीही त्याच वर्षाच्या त्याच प्रकारच्या प्रोसेसरमध्ये तुलना करण्यापुरती. २०१३ चा आय-७ ४६०० यू हा लॅपटॉपचा प्रोसेसर घ्या. त्यात दोनच कोअर आहेत. २०२२ चा आय-३ १२१५ यू घ्या. त्यात दोन मोठे आणि चार छोटे मिळून सहा कोअर आहेत, आणि प्रत्येक मोठा कोअर जुन्यापेक्षा कितीतरी चपळ आहे. म्हणजे इथे आय-थ्री आय-सेव्हनला सहज मागे टाकतो. जुन्या पिढ्यांत आकड्याचा पहिला अंक पिढी सांगतो, ४६०० म्हणजे चौथी. दहाव्या पिढीपासून पहिले दोन अंक, १२१५ म्हणजे बारावी.

४. शेवटचं अक्षर. 'यू' असेल तर कमी विजेवर चालणारा, पातळ लॅपटॉपचा प्रोसेसर. 'एच' असेल तर जास्त वीज खाणारा, जास्त तापणारा आणि जास्त काम ओढणारा. कोअर तेवढेच असले तरी तापू नये म्हणून 'यू'वाला लवकर दमतो. लहान मुलाच्या अभ्यासाला 'यू' पुरेसा आहे आणि बॅटरीही जास्त टिकते.

५. सामायिक वाट. हे समजायला माजिवड्याचे लोक सगळ्यात योग्य! मुंबईहून येणारा पूर्व द्रुतगती महामार्ग, नाशिकचा महामार्ग आणि घोडबंदर रोड आपल्या नाक्यापाशी एकत्र येतात. मागे कितीही लेन असू द्या, सगळ्या गाड्यांना त्याच नाक्यातून आणि कापूरबावडीवरून जायचं असेल तर संध्याकाळी काय होतं ते आपण रोज बघतो. सगळे कोअर माहिती आणतात ती एकाच रॅममधून. रॅम अपुरी असेल तर चार काय, आठ कोअरसुद्धा रांगेत उभे राहतात. ही रांग कमी व्हावी म्हणून कोअरच्या अगदी जवळ थोडी जागा ठेवतात, तिला कॅशे म्हणतात. खडू टेबलावर ठेवलेला असला की दर वेळी ऑफिसच्या कपाटापर्यंत जावं लागत नाही, तसंच हे.

सोळा हजारांचा 'आय-सेव्हन'

गेल्या वर्षी आमच्या शाळेतले एक रिक्षाचालक पालक दुकानातून लिहून आणलेली चिठ्ठी घेऊन आले. मोठी मुलगी दहावी संपवून डिप्लोमाला जाणार होती. चिठ्ठीवर होतं, जुना लॅपटॉप, आय-सेव्हन, ८ जीबी, सोळा हजार. "बाई, नवीन आय-थ्री जास्त किमतीला सांगतात आणि हा आय-सेव्हन एवढा स्वस्त! घेऊन टाकू ना?" मी त्यांना म्हटलं, "दादा, पूर्ण मॉडेल नंबर तेवढा विचारून या." नंबर आला तो वर सांगितलेला, ४६०० यू. चौथी पिढी, दोन कोअर.

इथे अजून एक गोष्ट जोडली पाहिजे. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा आधार बंद केला, म्हणजे त्याला सुरक्षेच्या नेहमीच्या दुरुस्त्या मिळणं थांबलं. पुढच्या विंडोज ११ साठी कंपनीची अट काय? कोअर कमीत कमी दोन, वेग १ गिगाहर्ट्झ, रॅम ४ जीबी. वाचून वाटेल, हे तर कुठल्याही जुन्या संगणकात बसेल. पण त्याबरोबर सुरक्षेची काही खास सोय आणि मान्य प्रोसेसरची यादी आहे. इंटेलचे बहुतेक आठव्या पिढीपासून पुढचेच प्रोसेसर त्या यादीत आहेत. त्यामुळे २०१३ चा आय-७ ४७७०, ज्यात चार दणकट कोअर आहेत, यादीत नाही. आणि सेलेरॉन एन ४०२० हा दोन कोअरचा साधासुधा प्रोसेसर यादीत आहे. कोअरचा आकडा एकटा किती कमी सांगतो त्याचं याहून चांगलं उदाहरण मला सापडलं नाही.

याचा अर्थ सेलेरॉन घ्या असा नाही. तो खरोखर हळू आहे, आणि चार गोष्टी एकदम उघडल्या की अडकतो. आणि जुना संगणक टाकाऊ असतो असाही अर्थ नाही. त्यावर लिनक्स टाकून टायपिंग, वाचन, साधं प्रोग्रॅमिंग छान चालतं. पण मग तो किती जुना आहे हे माहीत असून आणि त्याच भावात घ्यावा. त्या दादांना शेवटी त्याच पैशांत थोडी भर घालून आठव्या पिढीचा आय-५ ८२५० यू असलेला जुना लॅपटॉप मिळाला. चार कोअर, आठ थ्रेड, आणि विंडोज ११ च्या यादीत. सोळा हजार ही त्यांची जवळजवळ दोन वर्षांची भिशी होती. एक नंबर विचारल्यामुळे ती वाया गेली नाही.

"पुढे लागेल म्हणून आत्ताच मोठा घ्या" : हे पटतं का?

या मुद्द्यावर काही शिक्षक मित्रांशी माझी चर्चा झाली. त्यांचं म्हणणं असं की संगणक पाच-सात वर्षं वापरायचा असतो, तर सगळ्यात जास्त कोअरचा घेतलेला बरा. ज्यांच्याकडे पैसे आहेत त्यांनी जरूर घ्यावा, त्यात तोटा नाही. पण मर्यादित पैशांत प्रश्न निवडीचा असतो. जास्त कोअरसाठी पैसे घातले आणि रॅम ४ जीबीच राहिली, किंवा एसएसडीऐवजी जुनी हार्ड डिस्क आली, तर मूल रोज संगणक सुरू व्हायची वाट बघत बसेल आणि कोअर रिकामे बसतील.

तिसरी ते सातवीचं मूल करतं काय? बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये वाचतं, दीक्षावरचे व्हिडिओ बघतं, मराठी टायपिंग करतं, चित्र काढतं, फार तर स्क्रॅचमध्ये छोटे खेळ बनवतं. या कामांना नव्या पिढीचे दोन ते चार कोअर, ८ जीबी रॅम आणि एसएसडी पुरे. व्हिडिओ अडखळत असेल तर बहुतेक वेळा दोष इंटरनेटचा असतो, कोअरचा नाही. जास्त कोअर खरे लागतात ते व्हिडिओ संपादन, त्रिमितीय चित्रं, अभियांत्रिकीची सॉफ्टवेअर अशा कामांना. ती वेळ आली की तेव्हाच्या गरजेनुसार घ्यावा, तोवर त्याच पैशांत बरंच चांगलं मिळू लागलेलं असतं.

दुसरा आक्षेप असा, की हे शिक्षकाचं कामच नाही, आपण काही विक्रेते नाही. मला वाटतं, विक्रेते नाही म्हणूनच हे आपलं काम आहे. आपला त्यात कमिशनचा संबंध नसतो. शिवाय शाळेत संगणक कक्षासाठी दरपत्रकं मागवताना आपणच "आय-५, ८ जीबी" एवढंच लिहून मोकळे होतो. दहा वर्षांपूर्वीचा आय-५ ही त्या शब्दांत बसतो. पुरवठादाराने तोच दिला तर भांडायलाही जागा राहत नाही. दरपत्रकात पूर्ण मॉडेल नंबर, रॅम, एसएसडी आणि हमीचा काळ लिहून मागणं, एवढं तरी मुख्याध्यापकांनी आणि शाळा व्यवस्थापन समितीने करावं.

दुकानात विचारायचे पाच प्रश्न

- प्रोसेसरचा पूर्ण मॉडेल नंबर काय? तो बिलावर लिहून द्याल का?
- कोअर किती, त्यातले मोठे किती आणि छोटे किती?
- रॅम किती, आणि पुढे वाढवता येते का?
- एसएसडी आहे की हार्ड डिस्क?
- विंडोज ११ कंपनीच्या यादीप्रमाणे चालतं, की काही जुगाड करून टाकलंय?

संगणक समोर असेल तर स्वतःच बघा. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकत्र दाबली की टास्क मॅनेजर उघडतो. त्यात परफॉर्मन्समध्ये जाऊन सीपीयूवर टिचकी मारा. वर प्रोसेसरचं पूर्ण नाव दिसेल, खाली कोअर्स आणि लॉजिकल प्रोसेसर्स असे दोन आकडे दिसतील. पहिला खरे कोअर, दुसरा थ्रेड. तिथेच मेमरीत रॅम आणि डिस्कमध्ये एसएसडी आहे की नाही तेही कळतं. दोन मिनिटांचं काम आहे, आणि दुकानदारालाही राग यायचं कारण नाही.

वर्गात करून बघा : चौथी-पाचवीसाठी उपक्रम

एक तास पुरतो. साहित्य म्हणजे खडू, कागद आणि भिंतीवरचं घड्याळ.

पहिली फेरी : बेरजेची ४० उदाहरणं एका मुलाला द्या, वेळ लिहा. मग तशीच ४० उदाहरणं दोघांत वाटा, मग चौघांत. वेळ चांगलीच कमी होते.

दुसरी फेरी : साखळी उदाहरणं द्या, म्हणजे पहिल्याचं उत्तर दुसऱ्यात वापरायचं, दुसऱ्याचं तिसऱ्यात. चौघांना बसवा. तिघे चौथ्याच्या तोंडाकडे बघत बसतात, वेळ कमी होत नाही. मुलं स्वतःच ओरडतात, "बाई, याचं उत्तर आल्याशिवाय आम्ही काय करणार?" हाच अॅमडालचा नियम!

तिसरी फेरी : पुन्हा सुटी ४० उदाहरणं चौघांत वाटा, पण उत्तरं लिहायची वही एकच ठेवा. वहीपाशी रांग लागते, ढकलाढकली होते. ही रॅमची रांग.

चौथी फेरी : वर्गातलं भराभर बेरीज करणारं एक मूल एका बाजूला आणि पहिलीची दोन मुलं दुसऱ्या बाजूला. कोण आधी संपवतं बघा. मोठा कोअर, छोटा कोअर.

शेवटी सगळ्या वेळांचा फळ्यावर स्तंभालेख काढा. एकाच तासात गणित, परिसर अभ्यास आणि संगणक तिन्ही होतात, आणि त्यासाठी वर्गात एकही संगणक असायची गरज नाही. ज्या शाळांत संगणक कक्षाला कुलूप आहे किंवा वीज जाते, तिथेही हा तास घेता येतो.

या उपक्रमातून मुलांना प्रोसेसर कळेलच. पण "जास्त म्हणजे चांगलं" हे ऐकलं की "कशासाठी जास्त, आणि कशाच्या तुलनेत?" असं विचारायची सवय लागली, तर ती मला जास्त मोलाची वाटते. जाहिरातीतल्या प्रत्येक आकड्याला हा प्रश्न लागू पडतो, मग तो कॅमेऱ्याचा मेगापिक्सेल असो की क्लासच्या बोर्डावरची टक्केवारी. पुढच्या पालकसभेत दहा मिनिटं या विषयाला द्या, आणि वरचे पाच प्रश्न फळ्यावर लिहून ठेवा. पालक फोटो काढून नेतील, आणि दुकानात गेल्यावर तो उघडतील.